घरी शिकलेल्या मुलांचा कॉलेज प्रवेश: एनआयओएसचा अर्ज, विषय आणि कागदपत्रे

मूल शाळेत न जाता घरीच शिकले असले, तरी कॉलेजसाठी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी-बारावी लागतेच. महाराष्ट्रात त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा अर्ज. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, म्हणून काही इयत्ता शाळेत काढलेल्या मुलांना ती जमते. शाळेचे तोंडच न पाहिलेल्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, सोयीची. तिथे दहावीला आधीच्या इयत्तांचा दाखला नसला, तर ‘हा अभ्यासक्रम करण्याइतके माझे शिक्षण झाले आहे’ असे स्वयंघोषणापत्र चालते.

दहावीला वय किमान १४ पूर्ण हवे, बारावीला १५. एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी ते ३१ जानेवारीला मोजतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी ३१ जुलैला. नोंदणी ५ वर्षे टिकते, विषय एकेक-दोनदोन करून देता येतात. ही मोकळीक मोठी असली, तरी दहावी आणि बारावीत दोन वर्षांचे अंतर लागतेच. एका वर्षाने बसले तर चारच विषय देता येतात, पाचवा दोन वर्षे झाल्यावर. ‘हुशार आहे, वर्षात उरकू’ असा बेत इथे अडतो.

अर्ज ऑनलाइन. फोटो, सही, जन्मदाखला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बारावीसाठी दहावीची गुणपत्रिका अपलोड करायची. लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. सर्वांत जास्त लक्ष नावाकडे द्यावे. आधारवर आडनाव शेवटी, जन्मदाखल्यावर फक्त मुलाचे नाव, पासपोर्टवर वडिलांचे नाव गाळलेले, असा गोंधळ घराघरांत असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आणि जी जन्मतारीख येते, तीच पुढे सीईटी, नीट आणि विद्यापीठात धरली जाते. म्हणून जन्मदाखला आणि आधार अर्जाआधीच जुळवून घ्या. आईच्या नावाचे स्पेलिंगही तपासा.

खरा निर्णय विषयांचा. उत्तीर्ण व्हायला किमान पाच विषय हवेत, त्यांत निदान एक भाषा. दहावीला मराठीसुद्धा घेता येते (कोड २०४). गणित आणि विज्ञान नकोसे वाटले तरी दहावीला ठेवावेत. चौदाव्या वर्षी टाळलेला विषय सतराव्या वर्षी हवासा वाटू शकतो. बारावीचे विषय कॉलेजच्या अटी पाहून ठरवायचे. इंजिनिअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित लागतेच. नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीट देता येते, पण प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवे, त्यामुळे लवकर बारावी करून वैद्यकीयला उपयोग नाही. सीईयूईटीतून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून, दिल्ली विद्यापीठात जायचे असेल, तर बारावीला शिकलेलेच विषय तिथे द्यावे लागतात. बारावीला अर्थशास्त्र नसेल, तर सीईयूईटीत अर्थशास्त्र घेऊन तिथे भागत नाही.

गुणांच्या हिशेबात दोन ठिकाणी नुकसान होते. थिअरीच्या गुणांपैकी २० टक्के घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटचे (टीएमए) असतात. त्या वेळेत भरल्या नाहीत, तर ते गुण बुडाले. आणि विज्ञानाच्या विषयांत थिअरी व प्रॅक्टिकल वेगवेगळे पास व्हावे लागते, दोन्हींत ३३ टक्के. एनआयओएसचे अभ्यासकेंद्र निवडताना तिथली प्रयोगशाळा प्रत्यक्ष जाऊन पाहा. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला व्हर्निअर कॅलिपर किंवा स्क्रू गेज ही बारीक माप घ्यायची साधने हातात प्रथमच घेणारे मूल शून्यांकी त्रुटी (साधन मिटलेले असताना शून्याऐवजी दिसणारे माप) काढताना अडखळते, पाठांतर कितीही असो. घरी ही साधने बाळगणे फारसे महाग नाही.

अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलेच घ्यावे, हे कुणी आपणहून सांगत नाही. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत ‘टाइप ए’ उमेदवारीसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून लागतात, शिवाय डोमिसाइल (रहिवासी दाखला) किंवा जन्म राज्यातला. शेजारच्या राज्यातले केंद्र सोपे वाटले म्हणून घेतले, तर उमेदवारीचा प्रकार बदलतो. डोमिसाइलला १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. इतरांचे काम शाळेच्या दाखल्यांवर भागते. घरी शिकलेल्याने जन्मदाखला, आई-वडिलांचे रेशनकार्ड, वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या वर्षावार जमवून ठेवाव्यात. आरक्षित प्रवर्गातल्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचे काम बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नये. अर्ज बारावीतच टाकावा.

कॉलेजच्या खिडकीवर ‘एलसी कुठे आहे?’ असा प्रश्न हमखास येतो. एनआयओएस गुणपत्रिकेबरोबर मायग्रेशन-कम-ट्रान्स्फर सर्टिफिकेट देते. शाळा सोडल्याच्या दाखल्याचे काम तेच करते आणि विद्यापीठाच्या पात्रतेसाठी (एलिजिबिलिटी) लागणारे मायग्रेशनही तेच. मूळ प्रत एकच असते. कॉलेजात ती जमा करण्याआधी रंगीत स्कॅन आणि चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि जमा केल्याची पोच घ्या. एबीसी आयडी, म्हणजे कॉलेजातले क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरवरून काढता येतो. त्यासाठी शाळा लागत नाही, पण आधारला मोबाइल जोडलेला हवा.

परीक्षेची वेळही प्रवेशाच्या बाजूने ठरवा. अवघड दोन विषय ऑक्टोबरच्या सत्रात दिले, तर राहिलेला विषय एप्रिलमध्ये पुन्हा देता येतो. सगळे एप्रिलवर ठेवले आणि एक राहिला, तर पुढची सार्वजनिक परीक्षा ऑक्टोबरात, आणि तोवर त्या वर्षीच्या प्रवेशफेऱ्या संपलेल्या असतात.