दूषित इंजेक्शनांची विक्री : कायदा आणि शिक्षा

दूषित इंजेक्शन किंवा सलाइन विकणे हा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालील फौजदारी गुन्हा आहे. ज्यात घाण, कुजलेला अंश किंवा अपायकारक द्रव्य आहे असे औषध कलम १७अ नुसार ‘भेसळयुक्त’ ठरते. अस्वच्छ जागी बनवल्यामुळे, भरल्यामुळे किंवा साठवल्यामुळे ते दूषित झाले असण्याचा संभव असला, तरी तेवढे पुरते.

इंजेक्शनाचा प्रश्न गोळीपेक्षा फार गंभीर आहे, कारण ते पचनसंस्थेला वगळून थेट शरीरात उतरते. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जंतू मेले तरी त्यांच्या पेशीभित्तिकेतले एंडोटॉक्सिन हे विष शिल्लक राहू शकते. त्याने थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळतो. फेब्रुवारी २०११ मध्ये जोधपूरच्या उमेद रुग्णालयात अनेक बाळंतिणी दगावल्या, तेव्हा संशय सलाइनवर गेला आणि त्या बाटल्या इंदूरच्या एका कारखान्यातून आलेल्या होत्या. सांवेर रोड आणि पीथमपूरच्या औषध कारखान्यांशी ज्यांचे पोट बांधलेले आहे, अशा इंदूरच्या मराठी कुटुंबांनी हा कायदा समजून घ्यायला हवा.

शिक्षा कलम २७ मध्ये आहेत. आजचे कठोर आकडे २००८ च्या दुरुस्तीने आले. भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू अथवा जबर दुखापत झाली, तर किमान १० वर्षे ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये किंवा जप्त मालाच्या तिप्पट किमतीइतका, यांपैकी जास्त असेल तो दंड. हा दंड पीडिताला किंवा मृताच्या नातेवाइकांना भरपाई म्हणून मिळतो. इजा झालेली नसली, तरी भेसळीसाठी ३ ते ५ वर्षे कैद आहे. बनावट औषधाला किमान ७ वर्षे. २०२१ च्या करोना लाटेत इंदुरात विकली गेलेली, ग्लुकोज आणि मीठ भरलेली नकली रेमडेसिव्हिर इंजेक्शने या प्रकारातली.

खरी मेख वर्गवारीत आहे. निर्जंतुकता चाचणीत नापास झालेल्या बाटलीला शासकीय विश्लेषकाच्या अहवालात नुसते ‘प्रमाणित दर्जाची नाही’ म्हटले, तर खटला कलम २७(ड) खाली जातो. तिथे शिक्षा १ ते २ वर्षे आणि किमान २०,००० रुपये दंड. शिवाय २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या पोटकलमातले गुन्हे तडजोडीने मिटवण्याची वाट खुली केली. गोळीतले औषध थोडे कमी भरणे आणि शिरेत जाणारी बाटली जंतूंनी भरलेली असणे, यांना एका पोटकलमात बसवणे अन्यायकारक आहे.

पुरावाही नाजूक असतो. उघडल्यावर बिघडणाऱ्या औषधाचे भाग पाडता येत नाहीत, म्हणून औषध निरीक्षक तीन-चार सीलबंद बाटल्याच घेतो. निर्जंतुकता चाचणीला १४ दिवस लागतात. अहवाल अमान्य असणाऱ्याने २८ दिवसांत तसे कळवले, तर न्यायालय नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते.

दुकानदाराला कलम १९ चा बचाव आहे : माल परवानाधारकाकडून घेतला, नीट साठवला आणि वाजवी दक्षता घेऊनही दोष कळण्याजोगा नव्हता, हे त्याने सिद्ध करायचे. माल कोणाकडून आला हे निरीक्षकाला सांगणेही त्याला बंधनकारक आहे. त्यामुळे इंदूरच्या दवा बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याला बॅच क्रमांकासह खरेदीची बिले जपावीच लागतात. ग्राहकालाही कलम २६ खाली विकत घेतलेले औषध शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येते.