शिशाला ‘पाणी’ दिलं तर?

लोहार कोयता लालबुंद तापवतो, पाण्यात बुडवतो, चर्रर्र आवाज येतो आणि धार कडक होते, याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो. त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय की कुठलाही धातू तापवून पाण्यात टाकला की कडक होतो. साफ चूक! पुण्याच्या तांबट आळीत बघा, ठोकून ठोकून ताठ झालेलं तांबं तापवून मऊ करतात, ते पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, कडकपणा येतो तो मठारकामाच्या ठोक्यांनी.

शिशाची तऱ्हा तिसरीच. अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे हौशी लोक खूप आहेत (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, त्यामुळे फक्त वाचा). शुद्ध शिसं नखाने ओरखडतं, असली गोळी जोरात सुटली की बंदुकीच्या नळीत चोपडून बसते. म्हणून हे लोक गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती जुनी वजनं वितळवायचे, त्यात २ ते ४ टक्के अँटिमनी (शिशाला कडक करणारा एक ठिसूळ धातू), थोडं कथील आणि किंचित आर्सेनिक असतं. साच्यातून निघालेली गरम गोळी थेट पाण्याच्या बादलीत. आता गंमत अशी की बादलीतून काढल्या काढल्या ती काही फार कडक नसते, पण आठवडाभर नुसती डब्यात ठेवा, ब्रिनेल मापावर एरवी ११-१२ भरणारा कडकपणा २०च्या वर गेलेला असतो. हात कोणी लावला नाही!

का होतं हे? साखरेचा पाक आठवा. गरम पाकात साखर भरपूर विरघळते, गार झाला की जास्तीची बाहेर येते. शिशात २५२ अंशाला साधारण साडेतीन टक्के अँटिमनी विरघळतं, खोलीच्या तापमानाला जेमतेम पाव टक्का. हळूहळू गार केलं तर जास्तीचं अँटिमनी सावकाश एकत्र येऊन मोठे मोठे खडे होतात. झटकन गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते आतच अडकतं आणि मग पुढचे काही दिवस डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कणांच्या रूपात जागोजागी बाहेर पडत राहतं.

आता धातू वाकतो म्हणजे काय होतं? पंगतीत ‘जरा सरका’ म्हटल्यावर अख्खी ओळ एकदम उठत नाही, एकेक जण पाट सरकवतो आणि ते सरकणं पुढे पुढे जातं. अणूंच्या ओळी अगदी अशाच सरकतात. मध्ये सोवळ्यातले आजोबा बसलेले असले की सरकणं तिथेच अडतं. सगळे आजोबा एकाच कोपऱ्यात असतील (ते मोठे खडे) तर बाकीची पंगत खुशाल सरकते, पण दर चार पाटांमागे एक आजोबा असेल तर संपलंच.

पण गार धातूत अणू हलतातच कसे? शिसं वितळतं ३२७ अंशाला, निरपेक्ष मापात ६०० केल्विन, आणि २७ अंशांची आपली खोली म्हणजे ३०० केल्विन, बरोब्बर निम्मं. आणि साधारण निम्म्यापर्यंत पोचलं की घट्ट धातूतही अणू हळूहळू जागा बदलू लागतात. लोखंडाचा असाच निम्मा पल्ला साधारण ६३० अंशाला येतो, तेव्हा ते मंद लाल दिसायला लागलेलं असतं. म्हणजे तुमच्या टेबलावरचं शिसं त्याच्या हिशेबाने भट्टीतच आहे! त्यामुळेच अशा गोळ्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या तर बारीक कण एकमेकांना गिळून मोठे होतात आणि गोळी परत मऊ पडत जाते.

पाणी कुठलं यावरून पूर्वी काय काय दंतकथा होत्या. बाराव्या शतकातल्या एका युरोपीय साधूने पोलादासाठी लाल केसांच्या मुलाचं मूत्र सुचवलंय! मिठाचं पाणी खरंच लवकर गार करतं, केसांचा रंग मात्र काही करत नाही. आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर वाफेचा स्फोट होऊन शिसं अंगावर उडतं, शिवाय हाताला लागलेली राखाडी पूड पोटात गेली की विष, म्हणून घरी प्रयोग नकोच.

हेच अँटिमनी जुन्या इन्व्हर्टर बॅटरीच्या जाळ्यांत असतं, कडकपणासाठीच, पण त्याच्यामुळे पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन वाढतं आणि आपण डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणत बसतो. ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीत त्याच्या जागी चिमूटभर कॅल्शियम घालतात.

बरं, ब्रिनेलचं यंत्र घरी नसतं तेव्हा हे हौशी लोक गोळीचा कडकपणा कसा बघतात? ६बी, एचबी, ४एच अशा मऊपासून कडकपर्यंतच्या चित्रकलेच्या पेन्सिली एकेक करून घासतात, जी पहिल्यांदा ओरखडा काढेल ती खरी. शिसपेन्सिलीने शिसं मोजायचं, आणि तिच्यात शिसं औषधालाही नसतं, असतं ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती!