कौटुंबिक मोटारीची रचना : सुरक्षितता आणि रस्त्यावरची पकड

चार-पाच माणसे व त्यांचे सामान नेणाऱ्या रोजच्या वापरातील चारचाकीची रचना. शर्यतीच्या गाडीत भार जवळपास ठरलेला असतो. कौटुंबिक गाडी मात्र एरवी एकट्या चालकाला घेऊन पणजीला कामावर जाते आणि चतुर्थीला पाच माणसे, माटोळीची (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीची) फळे व डिकीभर नारळ घेऊन सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी. दोन्ही वेळा तिने सारखेच वागावे, ही अभियंत्यांची खरी डोकेदुखी.

सुमारे १,००० किलोंच्या गाडीत अशा वेळी ४०० किलोंची भर पडते, आणि तिचा मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. भार वाढला की टायरची पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. त्यामुळे वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू पाहतो. सामान्य चालकाला ते सावरणे कठीण. म्हणून अशा गाड्या मुळातच किंचित ‘अंडरस्टीअर’ ठेवतात : वेग अति झाला तर आधी पुढची चाके घसरतात, गाडी वळण थोडे रुंद घेते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा पुन्हा मार्गावर येते. हौशी चालकांना ती मठ्ठ वाटते. पण तिला मुद्दामच तशी घडवलेली असते.

खड्डे, गतिरोधक आणि पावसात खचलेल्या रस्त्याच्या कडा यांसाठी गाडीचे पोट जमिनीपासून १७० ते २०० मिमी. उंच ठेवावे लागते. उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की कलंडण्याविरुद्धचे स्थैर्य ढोबळपणे कळते. उंच एसयूव्ही घरच्यांना भक्कम वाटत असली, तरी या हिशेबात ती सहसा सेडानच्या मागे पडते. वर कॅरिअरवर बोजा बांधला तर आणखीच. १९९७ मध्ये स्वीडनमधील चाचणीत अचानक बाजूला वळवलेली मर्सिडीझ ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने या मॉडेलच्या सर्व गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल बसवले. गाडी स्टीअरिंगच्या कोनाप्रमाणे वळत नसेल तर ही यंत्रणा आपणहून एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. अनमोड वा चोर्ला घाटातील पावसाळी वळणांवर तिचा मोठा आधार असतो, मात्र गुळगुळीत झालेल्या टायरला ती नवी पकड देऊ शकत नाही.

टक्कर झालीच, तर माणसांभोवतीचा पिंजरा शाबूत राहावा आणि पुढचा भाग चुरगळावा, ही मर्सिडीझचे अभियंते बेला बारेनी यांची कल्पना. तिचे पेटंट १९५० च्या दशकाच्या आरंभीचे. १९५९ मध्ये ती मर्सिडीझच्या गाडीत उतरली. त्याच वर्षी व्होल्वोच्या नील्स बोलिन यांचा तीन टोकांचा सीटबेल्ट आला. ताशी ६४ किमी. वेगाची गाडी ६० सेंमी. अंतरात थांबली, तर मंदन (वेग घटण्याचा दर) सरासरी गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २७ पट असते, ३० सेंमी.त थांबली तर ५४ पट. पहिल्या स्थितीतही १० किलोंचे मूल मांडीवर धरण्यासाठी सुमारे २७० किलोंइतका जोर लागेल. पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेऊन बसण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच घातक. त्यात समोरची एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा आधी मुलालाच बसतो. मुलांची वेगळी सीट पक्की अडकवण्यासाठी मागच्या आसनात आयसोफिक्सचे हूक दिलेले असतात. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेली ‘भारत एनकॅप’ ही नव्या गाड्यांची मूल्यांकन पद्धती मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेला स्वतंत्र तारे देते.