ओक्लाहोमा हादरलं ते फ्रॅकिंगने नव्हे

‘फ्रॅकिंगमुळे ओक्लाहोमात भूकंप झाले’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धवट आहे. (फ्रॅकिंग म्हणजे खोल खडकात प्रचंड दाबाने पाणी सोडून तो फोडायचा आणि त्यातलं तेल-वायू मोकळं करायचं.) 2015 मध्ये या अमेरिकी राज्यात 3 किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे सुमारे 900 धक्के बसले. पण त्यांतल्या बहुतेकांचं कारण होतं तेल-वायूबरोबर वर येणारं खारं पाणी. हे सांडपाणी ‘आर्बकल’ या खोल थरात वर्षानुवर्षं जिरवलं गेलं. त्याच्या खालीच जुना कठीण खडक. पाण्याचा दाब तिथल्या भेगांत पोचला की दोन बाजूंना घट्ट धरणारी पकड सैल होते, आणि आधीच ताणलेला प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकतो. फ्रॅकिंगचा दाब मात्र काही तासांचा. म्हणूनच सप्टेंबर 2016 मध्ये ओक्लाहोमातल्या पॉनी गावाजवळ 5.8 चा धक्का बसल्यावर नियामकांनी आसपासच्या जिरवण-विहिरी बंद करवल्या.

म्हणजे फ्रॅकिंग निर्दोष? तेही नाही. इंग्लंडात लँकेशरमधल्या विहिरीजवळ ऑगस्ट 2019 मध्ये 2.9 चा धक्का बसला, तो थेट फ्रॅकिंगचाच. तिथला नियम तेव्हा कडक होता: 0.5 तीव्रता गाठली की काम 18 तास थांबवायचं. नोव्हेंबरात सरकारने फ्रॅकिंगला स्थगिती दिली. 2022 च्या सप्टेंबरात ती उठवली, आणि ऑक्टोबरात, पंतप्रधान बदलताच, पुन्हा लावली. एवढ्यात भूगर्भ काही बदलला नव्हता!