सॉना आणि कॅलरी

सॉना म्हणजे लाकडी फळ्या ठोकून केलेली एक बंद खोली, कोपऱ्यात हीटर, हीटरवर तापलेले दगड, आणि आत ७० ते १०० अंश सेल्सिअसची कोरडी हवा. त्यात दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, बस. शब्द फिनलंडचा आहे, तिकडे उच्चार 'साउना'च्या जवळ जातो, आपल्याकडे सॉना रुळला. तिथे हे चैनीचं काम नाही, सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या देशात तीसेक लाख सॉना आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सॉना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण या नोंदीचा विषय तो वारसा नाही, आपल्याकडे सॉनाबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे: बसल्या बसल्या कॅलरी जळतात का? तर जळतात, पण घरी सोफ्यावर बसून जळतात त्यापेक्षा थोड्याच जास्त, आणि बाहेर येऊन काट्यावर जे वजन कमी दिसतं ते पाणी असतं, चरबी नसते.

नागपुरात सॉना कशाला म्हणतात

आधी शब्दांचा गोंधळ निस्तरू. नागपुरात जिम, क्लब, हॉटेलं, निसर्गोपचारवाले, सगळीकडे मिळून तीन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट 'स्टीम' नाहीतर 'सॉना' म्हणतात. खरा सॉना कोरडा, मधूनमधून दगडांवर पाणी टाकलं की वाफेचा एक झोत येतो तेवढाच. स्टीम रूममध्ये तापमान ४०-५० च्या आसपासच असतं पण हवा वाफेने गच्च, समोरचा माणूस दिसत नाही. आणि तिसरी ती फायबरची पेटी, ज्यात माणूस स्टुलावर बसतो, मुंडकं तेवढं बाहेर, मानेभोवती टॉवेल गुंडाळलेला, हे दृश्य ज्याने पहिल्यांदा बघितलं तो हसल्याशिवाय राहत नाही. इन्फ्रारेड सॉना म्हणून एक नवीन प्रकार आहे, त्यात हवा ४५ ते ६० अंशापर्यंतच तापते आणि दिव्याची उष्णता थेट अंगावर येते. कॅलरीच्या बाबतीत चौघांचा हिशोब सारखाच, त्यामुळे पुढे सगळ्यांना सॉनाच म्हटलंय.

घाम आणि चरबी

गैरसमज खरं तर आपल्या भाषेतच बसलेला आहे. 'घाम गाळणे' म्हणजे कष्ट करणे. त्यामुळे घाम येऊन राहिला म्हणजे काम होऊन राहिलं, आणि काम होऊन राहिलं म्हणजे चरबी वितळून राहिली, असं डोक्यात आपोआप जुळतं. पण घाम हे शरीराचं कूलिंग आहे. त्यात जवळपास ९९ टक्के पाणी, बाकी मीठ आणि किरकोळ काही. चरबी घामावाटे बाहेर पडतच नाही. चरबी वापरली गेली की तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे बारीक होणारा माणूस मुख्यतः नाकातून बारीक होतो, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

ज्याच्या घरी डेझर्ट कूलर आहे (नागपुरात कोणाकडे नाही?) त्याला हे समजायला दोन मिनिटं लागू नयेत. कूलर काय करतो, तर ओल्या जाळीतून गरम हवा ओढतो, पाण्याची वाफ होते, वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता खेचून घेतं आणि हवा गार होते. मे महिन्यात दुपारपर्यंत टाकी रिकामी, परत पाईप लावा. आता टाकी रिकामी झाली म्हणून कूलर बारीक झाला असं कोणी म्हणत नाही, पाणी भरलं की परत तेवढाच जड. सॉनातल्या माणसाचं अगदी हेच होतं.

नेटवर अर्ध्या तासात तीनशे कॅलरी, पाचशे कॅलरी असे आकडे फिरतात, त्यातल्या काहींचं मूळ माझ्या मते याच वाफेच्या गणितात आहे. एक लिटर घामाची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी (बोलताना आपण यालाच नुसतं कॅलरी म्हणतो) उष्णता लागते, हे भौतिकशास्त्र अगदी बरोबर आहे. एका बैठकीत अर्धा लिटर घाम निघाला तर २९० झाल्या, घ्या, तीनशे कॅलरी! पण ही उष्णता तुमच्या पोटावरच्या टायरमधून आलेली नाही, ती हीटरमधून आली. बाहेरची हवा ८० अंशाची, कातडी चाळिशीच्या आसपास, म्हणजे उष्णता बाहेरून अंगात घुसते आणि घाम ती परत बाहेर काढतो. कॅलरी जळल्या त्या क्लबच्या लाईट बिलात. फार तर कोराडीच्या वीज केंद्रात थोडा कोळसा जळला असेल.

मग खरा आकडा किती

७० किलोचा माणूस काहीही न करता बसला तर तासाला अंदाजे ७० किलोकॅलरी खर्च करतो. पंधरा मिनिटांच्या साडेसतरा. सॉनात ठोके वाढतात, शरीराचं आतलं तापमान अंशभर चढतं, आणि एक अंश चढलं की चयापचय साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो (तापात अशक्तपणा येतो त्याचं एक कारण हेही). म्हणजे नुसत्या तापमानाने तासाला सात ते नऊ कॅलरीचा फरक. हृदयाचं जास्तीचं काम धरा, घामाच्या ग्रंथींचा खर्च धरा, अगदी उदार होऊन सरळ दुप्पट धरा, तरी पंधरा मिनिटांत ३५ होतात आणि त्यातल्या निम्म्या तर सोफ्यावरही जळल्याच असत्या. वरची कमाई साडेसतरा. एका मारी बिस्किटात याहून जास्त असतात. त्याच माणसाने फुटाळा तलावावर अर्धा तास झपाझप चालून घेतलं तर १३० ते १५० जातात. आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, भागाकार ज्याचा त्याने करावा.

इथे कोणीतरी मनगट पुढे करतो, "माझ्या वॉचमध्ये तर दोनशे दाखवून राहिलं". वॉच खोटं बोलत नाही, त्याला कळत नाही. ते ठोके मोजतं आणि ठोक्यांवरून कॅलरीचा अंदाज बांधतं, हे गणित चालण्या-पळण्यासाठी बसवलेलं असतं. पळताना ठोके वाढतात कारण पायाचे स्नायू ऑक्सिजन मागतात, तो ऑक्सिजन वापरला जातो, इंधन जळतं. सॉनात ठोके १०० ते १५० पर्यंत जातात कारण रक्त कातडीकडे पळवायचं असतं, गार व्हायला. स्नायू मात्र फळीवर निवांत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पंख्याचा आवाज ऐकायचा आणि किलोमीटर मोजायचे असा तो प्रकार. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, जास्त वजनाच्या तरुण पुरुषांवरच्या एका अभ्यासातही (दहा-दहा मिनिटांच्या चार फेऱ्या) कॅलरीचे आकडे असेच ठोके मोजणाऱ्या घड्याळावरून काढले होते आणि तेच पुढे सगळीकडे पुरावा म्हणून फिरतात.

काट्याचा प्रयोग मात्र कोणीही करू शकतो, मी केलाय. आत जायच्या आधी ७८.४. दोन फेऱ्या मिळून पंचवीस मिनिटं, बाहेर आलो, अंग पुसलं, परत काट्यावर: ७७.९. तिथला पोट्टा खुश, "बघा काकाजी, अर्धा किलो गेलं ना!" मग कॅन्टीनमध्ये जिरं घातलेलं ताक, दोन मोठे ग्लास, तहान तर अशी की तिसराही घेतला असता. दहा मिनिटांनी काटा ७८.४. पोट्टा म्हणे, "मंग ताक काहून पेलं?"

नागपूरचा मे महिना

उष्णतेने वजन उतरत असतं तर विदर्भात स्थूल माणूस शिल्लक राहिला नसता. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदवलं गेलं. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवून देशभर खळबळ उडवली होती, नंतर हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड सांगितला.) नवतपाचे नऊ दिवस, २५ मेपासून पुढे, हवा कोरडी ठाक, घाम आला कधी आणि वाळला कधी ते कळत नाही, दुपट्टा बांधून बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून चक्कर मारणारा प्रत्येक जण हलक्या सॉनातूनच जात असतो, तेही तासन् तास आणि फुकट. जेवण जात नाही म्हणून उन्हाळ्यात कोणाचं किलो-दोन किलो कमी होतंही, पण तो जेवणाचा हिशोब, उन्हाचा नाही. आणि सावजीचा रस्सा खाताना कपाळावरून जो घाम निथळतो त्याने जर कॅलरी जळत असत्या तर काय पाहिजे होतं.

बेल्ट, सूट आणि वजनगट

टीव्हीवर टेलिशॉपिंगमध्ये विकला जायचा तो सॉना बेल्ट अजूनही अनेकांच्या दिवाणात पडलेला आहे. पोटाला बांधा, प्लग लावा, पोट घामाघूम. पोटाला घाम आला म्हणून पोटाची चरबी जात नाही, चरबी कुठून काढायची ते शरीर ठरवतं, बेल्ट नाही. सकाळी अंबाझरी तलावाला रेनकोटसारखं जॅकेट घालून पळणारे दिसतात त्यांचंही तेच, फायदा आहे तो पळण्याचा, जॅकेटने फक्त पाणी जास्त जातं.

हे पाणी काढणं ज्यांना खरंच कामाचं वाटतं ते म्हणजे वजनगटात खेळणारे, कुस्ती, बॉक्सिंग वगैरे. वजन करण्यापुरतं पाणी काढायचं आणि नंतर भरून घ्यायचं. पण यात जीवही गेलेत. १९९७ मध्ये अमेरिकेत काही आठवड्यांच्या आत तीन कॉलेज कुस्तीपटू असं वजन तोडताना मेले आणि त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत वजन उतरवण्यासाठी सॉना आणि रबरी सूटवर बंदी आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगाट ५० किलो गटात फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, आदल्या रात्रभर घाम काढायचे सगळे उपाय करून, केस कापूनसुद्धा. एका मर्यादेनंतर शरीर घामसुद्धा देत नाही.

चरकाचा सॉना

गरम खोलीत बसून घाम काढणं आपल्याला नवीन नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय पूर्ण स्वेदनावर आहे, अग्नीच्या मदतीने घाम काढायचे तेरा प्रकार त्यात दिलेत आणि त्यातला जेन्ताक स्वेद वाचला की थेट सॉनाच डोळ्यापुढे येतो: पाण्याजवळ बांधलेली गोल मातीची कुटी, भिंतीला लागून बसा-झोपायला ओटा, मधोमध मातीची भट्टी, खैराची लाकडं, धूर गेला आणि निखारे उरले की रोग्याला तेल लावून आत न्यायचं. बाहेर आल्यावर लगेच गार पाणी घ्यायचं नाही हेही सांगितलंय. याच अध्यायात कोणाला स्वेदन देऊ नये त्याची यादी आहे, गर्भिणी, रोज दारू पिणारे, मधुमेही, दमलेले, आणि त्यात चक्क स्थूल माणसंही आहेत. म्हणजे आज ज्या गिऱ्हाइकासाठी स्लिमिंगवाले पेटी तापवून बसतात त्यालाच चरकाने दारातून परत पाठवलं असतं. अग्नीशिवाय घाम काढायचे दहा प्रकारही पुढे येतात, त्यात भूक, भीती, राग, ऊन असं सगळं आहे आणि सुरुवात व्यायामापासून आहे.

फायदा आणि सांभाळायचं काय

वजन सोडलं तर सॉना वाईट नाही, उलट. अंग मोकळं होतं, झोप चांगली लागते. फिनलंडच्या कुओपिओ भागातल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांवर वीस वर्षं लक्ष ठेवून २०१५ मध्ये जो अभ्यास आला त्यात आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. फक्त हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, रोज सॉनात जाणारा माणूस मुळातच धडधाकट असू शकतो.

एका बाबतीत चरकाचं ऐकू नका. जेन्ताकात रोग्याला सांगितलंय की मूर्च्छा आली तरी ओटा सोडू नको, आज डॉक्टर बरोबर उलट सांगतात, गरगरलं, मळमळलं की ताबडतोब बाहेर. फिनलंडमध्येच हेइनोला गावी सॉनात जास्तीत जास्त वेळ बसायची जागतिक स्पर्धा व्हायची, ११० अंशात, २०१० मध्ये फायनलला एक स्पर्धक मेला आणि स्पर्धाच बंद झाली. नवख्याने पाच-सात मिनिटांच्या वर बसू नये. दारू पिऊन अजिबात नाही. बीपीच्या, विशेषतः लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या चालू असतील, नुकतंच हार्टचं काही झालं असेल, दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरला विचारा. आणि एप्रिल-मेमध्ये दिवसभर उन्हात फिरून संध्याकाळी सॉनात जाऊन बसू नये, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. बाहेर आल्यावर ताक, लिंबूपाणी, पन्हं, काहीतरी मिठाचं घ्या. वजन बघायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, संडासला जाऊन आल्यावर बघा.