‘ठाण्याला पाठवा’: एका टोमण्याच्या सावलीतले खेळाडू

कुणाला वेडं ठरवायचं असलं की मुंबईत म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा.’ आम्ही ठाणेकर हे ऐकतच मोठे झालो. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. शहर पार घोडबंदरपर्यंत पसरलं, टोमणा मात्र हलला नाही. आपली ओढ आपल्याच लिंगाच्या माणसाकडे आहे हे उमगलेल्या खेळाडूने मन मोकळं करायचं ते अशा गावात. मैदानावर तर ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’ ही रोजचीच ओरड. जोरकस खेळणाऱ्या मुलीला निराळाच प्रश्न: ‘ही नक्की मुलगीच ना?’

हा प्रश्न खेळाच्या नियमांतही होता. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्सने १९६०च्या दशकापासून स्त्रियांकडे बाईपणाचा पुरावा मागितला. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांनी ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं आणि चाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यांचं प्रकरण शरीराच्या जडणघडणीचं होतं, कुणावर प्रेम करावं याचं नव्हे; या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. पण अपमान चारचौघांत झाला आणि सावरायची वेळ आली तेव्हा त्या एकट्याच होत्या, हे मला विसरता येत नाही.

ओडिशाची धावपटू द्युती चंद हिच्या वाट्याला दोन्ही आलं. २०१४ मध्ये शरीरातल्या हार्मोनच्या पातळीच्या नियमावरून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. मग मे २०१९ मध्ये तिने एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर सांगितलं. घरातून विरोध झाला, तरी ती मागे हटली नाही. कलम ३७७ संमतीच्या समलिंगी संबंधांपुरतं रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याआधी आठच महिने, ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला होता. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेली मोकळीक २०१३ मध्ये हिरावली गेली होती. त्या पाच वर्षांत खेळत असलेल्यांनी काय काय गिळलं असेल!

वैद्यकशास्त्रही उशिराच शहाणं झालं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० मध्ये. त्याच वर्षी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू झाली आणि मनाच्या त्रासासाठी रुग्णालयाच्या भिंतीबाहेरही एक दार उघडलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई केली. ‘ही ओढ बदलून देतो’ म्हणणारे उपचार हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरायला मात्र २०२२ उजाडलं.

संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये नेमकं मांडलं: त्रास त्या ओढीतून येत नाही, तो भेदभावातून, नाकारलं जाण्याच्या धास्तीतून आणि रोजच्या लपवाछपवीतून येतो. खेळाडूला हे लपवणं फार जड जातं. दौऱ्यावर खोली दोघांत, निवड प्रशिक्षकाच्या हाती, आणि कबड्डीपटूची रेल्वेतली किंवा पोलिसातली नोकरी खेळाच्या कोट्यातून. एक शब्द बाहेर गेला तर संघ, घर आणि पगार तिन्ही पणाला लागतात. म्हणून दुखापत सांगितली जाते आणि झोप उडाल्याचं सांगितलं जात नाही.

२ नोव्हेंबर २०२५ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. हरलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघात मारिझान काप होती, उपांत्य सामन्यात इंग्लंडचे पाच बळी घेणारी. २०१८ मध्ये तिने आपली तेव्हाची कर्णधार डेन व्हॅन निकर्क हिच्याशी लग्न केलं आणि त्यानंतरही दोघी एकाच संघातून खेळत राहिल्या. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून सामन्याला आलेल्या मुलींपैकी एखादीला तरी हे ठाऊक असेल.