डब्ल्यूसी की ग्रुप ॲक्सिडेंट? सुतारकामाच्या ठेकेदाराने आधी कोणती पॉलिसी घ्यावी

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या सोसायटीत फर्निचरचे काम धरले, की गेटपाससाठी कामगारांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्सबरोबर 'लेबर इन्शुरन्स'ची कॉपी मागतात. एजंटला फोन लावला की दोनपैकी एक कागद हातात येतो. एक वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे सगळे जिला डब्ल्यूसी म्हणतात ती. दुसरी ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे जीपीए. दोन्हींवर फर्मचे नाव असते, दोन्ही कामगाराच्या अपघाताबद्दल बोलतात, आणि सोसायटीच्या ऑफिसात बऱ्याचदा कोणतीही चालून जाते. त्यामुळे स्वस्त आणि लवकर मिळणारी जीपीए घेऊन काम सुरू होते.

फरक असा आहे. जीपीए कामगाराला आधी ठरलेली रक्कम देते. डब्ल्यूसी तुमच्यावर कायद्याने आलेले देणे फेडते. कामावर अपघात झाला तर ठेकेदाराने भरपाई द्यायची, ही जबाबदारी १९२३ च्या वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन कायद्याने घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्या तरतुदी तिच्यात गेल्या. बाजारात नाव मात्र डब्ल्यूसीच राहिले. जीपीए काढली म्हणून ही जबाबदारी जात नाही. जीपीएचे पैसे वारसाला मिळाले तरी तो कायद्याची भरपाई वेगळी मागू शकतो. 'विम्याचे पाच लाख दिलेत ना' हे उत्तर तिथे चालत नाही. कामगाराकडून 'माझी काही तक्रार राहणार नाही' असे लिहून घेतलेला कागदही टिकत नाही, कारण असा करार कायद्याने रद्दच ठरतो.

आता आकडे पाहू. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात त्या वयापुढे दिलेला आकडा), आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के गुणिले तोच गुणक. मजुरी कितीही जास्त असली तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबात १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे रोज हजार रुपये घेणारा ३० वर्षांचा मिस्त्री गेला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. तोच कायमचा पूर्ण अपंग झाला तर १८,७१,८२० रुपये. वीस वर्षांचा हेल्पर गेला तर गुणक २२४, रक्कम १६,८०,०००. वय कमी तेवढी भरपाई जास्त, आणि साइटवर सगळ्यात कच्चे हात नेमके याच वयाचे असतात. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च आहेच. पाच लाखांची जीपीए यापुढे किती पुरणार?

सुतारकामात जिवापेक्षा बोटे जास्त जातात, म्हणून ते नीट पाहायला हवे. प्लायच्या मधोमध खाच पाडायची असते, हँड कटरचे गार्ड आडवे येते म्हणून ते काढून ठेवलेले असते. डाव्या हाताने पट्टी दाबलेली, ब्लेड प्लायमध्ये अडकते, मशीन झटक्याने मागे येते आणि अंगठा जातो. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठा म्हणजे कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट. वरच्या मिस्त्रीच्या बाबतीत १८,७१,८२० चे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. पूर्ण तर्जनीला १४ टक्के आणि एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के. जीपीएच्या बहुतेक तक्त्यांत अंगठ्याला विमा रकमेच्या २५ टक्के आणि तर्जनीला १० टक्के असतात. पाच लाखांच्या जीपीएत अंगठ्याचे सव्वा लाख मिळतील. आणि कायद्याचे ५,६१,५४६ रुपयांचे देणे वेगळे उभे राहते, ते ठेकेदाराच्या खिशातून जाते.

तक्त्यातला टक्का हा शेवटचा शब्द नाही, हेही लक्षात ठेवा. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पूर्ण अपंगत्व धरले, कारण सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही. त्या माणसाचा धंदा कोणता आणि तो धंदा त्याला पुन्हा जमेल का, हे तिथे पाहिले जाते. जीपीए हा विचार करत नाही, ती फक्त तक्ता वाचते.

दारूचा मुद्दाही इथेच येतो. नशेत अपघात झाला तर जीपीए सहसा दावा नाकारते. कायद्यात नशा किंवा मुद्दाम गार्ड काढणे हा मालकाचा बचाव आहे खरा, पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तो बचाव चालत नाही. म्हणजे ज्या प्रसंगी जीपीए हात वर करते, त्याच प्रसंगी तुमचे देणे पुरेपूर उभे राहते.

डब्ल्यूसी घेतली की झाले, असेही नाही. प्रपोजल फॉर्म एजंटवर सोडू नका, कारण बहुतेक भानगडी तिथेच सुरू होतात. प्रीमियम वर्षाच्या एकूण मजुरीवर बसतो. सहा माणसे, महिन्याला प्रत्येकी २६,००० रुपये, म्हणजे वर्षाची मजुरी १८,७२,००० रुपये. प्रीमियम वाचवायला सहाच्या जागी तीन माणसे किंवा २६,००० च्या जागी १०,००० लिहिले, तर दाव्याची रक्कम त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते. भरपाईत १५,००० ची मर्यादा असली तरी फॉर्मवर खरीच मजुरी लिहा. कामाचे वर्णन नुसते 'कार्पेंटर' ठेवू नका. फर्निचर, फॉल्स सीलिंग, बाहेरच्या भिंतीवरचे पॅनेलिंग, उंचीवरचे काम, जे जे करता ते लिहा. ठिकाण 'ठाणे' असेल आणि काम उलव्याला निघाले, तर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते. म्हणून ठाणे, नवी मुंबई, मुंबई, पुणे, जिथे काम घेता ती सगळी गावे घाला.

तीन गोष्टी मागून घ्याव्या लागतात. उपचाराचा खर्च मूळ पॉलिसीत पुरेसा नसतो, त्याची वाढीव जोड (ॲड-ऑन) घ्या आणि मर्यादा किती ते वाचा. पॉलिश किंवा सनमायकाचे काम दुसऱ्याला पेटी ठेक्याने देत असाल, तर त्या माणसांची जोड घ्या. व्याज आणि दंड कोण भरणार, हे लेखी विचारा. १९२३ च्या कायद्यात महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड आहे. दंड विमा कंपनी सहसा भरत नाही.

ऐरोलीच्या आयटी पार्कातले ऑफिस फिट-आउटवाले जीपीएची कॉपी परत पाठवतात आणि डब्ल्यूसीच मागतात, त्याला कारण आहे. ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तर मुख्य मालकाकडूनही, म्हणजे ज्याने ठेकेदाराला काम दिले त्याच्याकडूनही, भरपाई मागता येते. मग तो ती ठेकेदाराकडून वसूल करतो.

ईएसआयसीबद्दल, म्हणजे सरकारी कामगार विम्याबद्दल, थोडक्यात. दहा किंवा जास्त माणसे असतील तर ती लागू होते, आणि विमाधारक कामगाराची भरपाई तिकडून होते. पण तिची मजुरीची मर्यादा २१,००० रुपये आहे. हेल्पर तिच्यात बसतो, २६,००० वाला मिस्त्री बसत नाही. त्याच्यासाठी डब्ल्यूसी लागतेच.

मग जीपीए कशासाठी? तिची स्वतःची जागा आहे आणि ती मोठी आहे. ती चोवीस तास चालते. रविवारी गावी मोटरसायकलवरून पडला तरी पैसे मिळतात, डब्ल्यूसीत ते नाहीत. आणि डब्ल्यूसी फक्त कामगारांची असते, मालकाची नाही. छोटा ठेकेदार स्वतःच टेबल सॉवर उभा असतो, त्याची बोटे गेली तर डब्ल्यूसी एक रुपया देत नाही. म्हणून आधी डब्ल्यूसी, मग जीपीए, आणि जीपीएच्या यादीत पहिले नाव स्वतःचे. जीपीए बहुधा नावांवर चालते, त्यामुळे माणूस सुटला किंवा नवा आला की त्याच आठवड्यात यादी बदलून घ्या. अगदीच तंगी असेल तर निदान बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना प्रत्येकाला लावून द्या. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख. ती डब्ल्यूसीची जागा घेत नाही, पण त्या घराला आधार होतो.

ग्राहकाच्या टाइलवर प्लायची थप्पी पडली किंवा ड्रिलने भिंतीतला पाइप फोडला, तर या दोन्हींतली एकही पॉलिसी कामाची नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी, वेगळी.

अपघात झालाच तर आधी हॉस्पिटल, आणि केसपेपरवर 'कामावर असताना, कटरने' असे खरे कारण. घरी पडला असे लिहिले की पुढचा सगळा दावा अडतो. त्याच दिवशी विमा कंपनीला मेल करा. हजेरीचे मस्टर, मजुरी दिल्याचे यूपीआयचे पुरावे, साइटचा वर्क ऑर्डर आणि गेटपास एकत्र ठेवा. रोख मजुरीच्या वहीत सही नसेल, तर तो तुमचा कामगार होता हे सिद्ध करतानाच दम निघतो. मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम परस्पर घरच्यांच्या हातात देऊ नका. ती कामगार भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करायची असते. बाहेर दिलेली रक्कम कायद्याने सहसा भरपाई धरली जात नाही, आणि तेच देणे पुन्हा भरावे लागू शकते. घरच्यांना अंत्यविधीला आणि गावी जायला जे द्याल ते माणुसकी म्हणून जरूर द्या, त्याची पावती ठेवा, पण ते भरपाईत मोजू नका.